जटायूचे ऋण आणि औषधाची कुपी

नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यात टाकेद नावाचे तीर्थक्षेत्र आहे. सीतेला पळवून नेणाऱ्या रावणाशी झुंजताना पंख छाटला जाऊन जटायू येथेच कोसळला आणि त्याच्या अंतकाळी श्रीरामाने सर्व तीर्थांचे जल येथे एकत्र आणले, अशी त्या परिसरातील श्रद्धा आहे. म्हणूनच या स्थानाला ‘सर्वतीर्थ’ हे नाव मिळाले. जटायूची उत्तरक्रिया रामाने पित्याच्या उत्तरक्रियेप्रमाणे केली, असे रामायण सांगते. एका पक्ष्याच्या मृत्यूचा एवढा शोक करणारी परंपरा ज्या देशात आहे, त्याच देशात जटायूचे वंशज अवघ्या पंधरा वर्षांत आकाशातून जवळजवळ नाहीसे झाले. त्यांची उत्तरक्रिया करण्याचे तर राहोच, ते गेले आहेत हेही बहुतेकांच्या ध्यानात आले नाही.

याचे एक कारण आपल्या भाषेतच सापडेल. गरुडाला विष्णूचे वाहन म्हणून मान आहे, बहिरी ससाणा राजेरजवाड्यांच्या मनगटावर मिरवला. गिधाडाच्या वाट्याला मात्र केवळ शिवी आली. दुबळ्याला लुबाडणाऱ्या माणसांविषयी बोलताना ‘गिधाडे टपून बसली आहेत’ असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः गिधाड जिवंताला सहसा हात लावत नाही. मेलेल्याचे विष पोटात घेऊन जिवंतांची वाट निर्धोक करणे हे त्याचे काम. त्याची बोडकी मान ज्यांना किळसवाणी वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की कुजक्या मांसात चोच खुपसणाऱ्या प्राण्याला पिसांचा शृंगार परवडणारा नाही. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की इतर प्राण्यांना मारक ठरणारे अनेक जंतू त्यात टिकाव धरत नाहीत. मेलेल्या बैलाचा तासाभरात केवळ सांगाडा उरावा, हे गिधाडांच्या थव्याचे काम कोणत्याही नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात कधी दाखविले गेले नाही. ते फुकट होत होते, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीची किंमत ती नाहीशी झाल्यावरच कळते.

एका दशकातील संहार

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकी पांढऱ्या पाठीचे, लांब चोचीचे आणि बारीक चोचीचे अशा तीन जातींची कथा सर्वांत करुण आहे. १९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी बहुधा सर्वांत विपुल पक्षी मानला जात असे. विमानतळांच्या परिसरात घिरट्या घालणाऱ्या गिधाडांचा विमानांना धोका आहे, म्हणून त्यांची संख्या आटोक्यात कशी ठेवावी, याचा त्या काळी अभ्यास होत होता. ज्याची विपुलता हीच तक्रार होती, तो पक्षी काही वर्षांतच दुर्मिळ होईल असे त्या वेळी कोणी सांगितले असते, तर त्याची थट्टाच झाली असती.

पहिली जाणीव झाली ती राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी १९८७-८८च्या हंगामात तेथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली होती. १९९६-९७ मध्ये त्यांना १५० घरटी आढळली. घरट्यांत मेलेली पिल्ले होती, फांद्यांवर मान खाली टाकून बसलेले प्रौढ पक्षी होते, झाडांखाली पडलेली कलेवरे होती. पुढील काही वर्षांत हाही आकडा शून्यावर आला. देशभर रस्त्यांच्या कडेने केलेल्या गणनांनी हेच चित्र मोठ्या पडद्यावर दाखविले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीच्या आणि बारीक चोचीच्या गिधाडांची एकत्रित संख्या सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. निराळ्या शब्दांत सांगायचे तर पांढऱ्या पाठीच्या हजार पक्ष्यांमागे एक उरला. जंगली पक्ष्यांच्या ऱ्हासाचा एवढा वेग जगात क्वचितच कोठे नोंदला गेला असेल.

शोध एका अदृश्य मारेकऱ्याचा

गिधाडे का मरत आहेत, या प्रश्नाची उत्तरे आरंभी अनेक दिली गेली. कोणी कीटकनाशकांकडे बोट दाखविले, कोणी अन्नाच्या टंचाईकडे. एखाद्या नव्या विषाणूची साथ आली असावी, असा अनेक तज्ज्ञांचा दाट संशय होता. अन्नाची टंचाई हे कारण टिकणारे नव्हते. कारण मेलेली गुरे गावोगावी तशीच पडून होती, आणि पडून राहू लागली होती हाच तर पुरावा होता. उत्तर सापडले ते पाकिस्तानातील पंजाबात. अमेरिकी पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी तेथे मेलेल्या गिधाडांचे शवविच्छेदन करीत होते. बहुसंख्य पक्ष्यांच्या मूत्रपिंडांवर, यकृतावर आणि हृदयावर युरिक आम्लाचा पांढरा, खडूसारखा थर साचलेला होता. याचा अर्थ मूत्रपिंडे निकामी होऊन त्यांचा मृत्यू झाला होता. अशा २५ पक्ष्यांची तपासणी केली असता पंचवीसच्या पंचवीस पक्ष्यांत एका औषधाचे अंश मिळाले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पक्ष्यांत ते एकातही मिळाले नाहीत. त्या औषधाचे नाव डायक्लोफेनॅक.

माणसांच्या सांधेदुखीवर वर्षानुवर्षे दिले जाणारे हे वेदनाशामक १९९०च्या दशकात भारतीय उपखंडात गुरांसाठी स्वस्तात मिळू लागले होते. लंगडणारा बैल, कास सुजलेली गाय, ताप आलेली म्हैस, सगळ्यांवर ते एकच इंजेक्शन चाले. गुराला त्यापासून अपाय नाही. परंतु औषध दिल्यानंतर एकदोन दिवसांत ते गुरू दगावले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले, तर अल्प मात्राही त्यांना पुरेशी ठरते. काही दिवसांतच पक्षी मरतो. ओक्स यांचा निबंध २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यापाठोपाठ केलेल्या गणिताने आणखी एक भयंकर गोष्ट उघड केली. मेलेल्या गुरांपैकी शंभरात एकाहूनही कमी कलेवरांत हे विष असले, तरी जेवढा ऱ्हास झाला तेवढा होण्यास ते पुरेसे होते. गिधाडे एकत्र जेवतात. एका विषारी पंगतीत अख्खा थवा बसतो. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. एवढ्या मंद गतीने वाढणाऱ्या जातीला प्रौढ पक्ष्यांचे मरण भरून काढता येत नाही. प्रत्यक्षात २००४-०५ मध्ये देशाच्या विविध भागांत तपासलेल्या गुरांच्या सुमारे दहा टक्के कलेवरांत डायक्लोफेनॅक आढळले. म्हणजे विनाशाला जेवढे पुरे होते, त्याच्या दसपटीहून अधिक विष आपण मांडून ठेवले होते.

हे विष केवळ गिधाडांपुरते आहे अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. राजस्थानात बिकानेरजवळ मेलेली गुरे टाकण्याच्या जागी सापडलेल्या मृत स्टेप गरुडांच्या शरीरातही डायक्लोफेनॅकचे अंश मिळाल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. मध्य आशियातून हिवाळ्यात येणारा हा गरुड मेलेल्या जनावरांवरही गुजराण करतो. ज्या गरुडाला आपण देवाचे वाहन म्हणून वंदन करतो, त्याचेही ताट याच विषाने वाढलेले आहे.

न दिलेल्या वेतनाचा हिशेब

पक्षी मेले तर माणसाचे काय बिघडले, असा प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात आणि त्यांना उत्तर देणे आवश्यक असते. गिधाडे गेली, मेलेली गुरे मात्र उरली. त्या कलेवरांवर भटकी कुत्री आणि उंदीर पोसले गेले. गिधाडाच्या पोटात रोगजंतू संपतो. कुत्र्याच्या दातांत तो जिवंत राहून माणसापर्यंत पोहोचतो. या कुत्र्यांच्या वाढीमुळे पिसाळरोगाने बळी गेलेल्यांची संख्या १९९२ ते २००६ या काळात सुमारे ४८ हजारांनी वाढली असावी, असा अंदाज २००८ साली अर्थशास्त्रज्ञांनी मांडला होता. २०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त याहून व्यापक हिशेब मांडला. जेथे पूर्वी गिधाडांना अनुकूल परिस्थिती होती आणि जेथे ती नव्हती, अशा जिल्ह्यांतील मृत्यूंच्या नोंदींची त्यांनी तुलना केली. गिधाडांच्या जिल्ह्यांत ऱ्हासानंतर माणसांचे मृत्युमान चार टक्क्यांहून अधिक वाढल्याचे त्यांना दिसले. २००० ते २००५ या पाच वर्षांत सुमारे पाच लाख अधिक माणसे मरण पावली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कुत्र्यांच्या चाव्यांबरोबरच कुजक्या कलेवरांमुळे दूषित झालेले पाणी हेही त्याचे कारण असावे, असे ते म्हणतात.

या आकड्यांवर तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. ते निम्म्याने कमी केले, तरी जे उरते ते एखाद्या मोठ्या युद्धाच्या हानीएवढे आहे. २०२५ साली भटक्या कुत्र्यांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापुढे आला. श्वानप्रेमी आणि श्वानपीडित यांच्यात कडाक्याचे वाद झाले. त्या वादात गिधाडांची आठवण फारच थोड्यांना झाली. कुत्री वाढली याची चर्चा होते. त्यांच्या ताटातील वाटेकरी कोणी मारला, याची होत नाही.

आणखी एका समाजाला मात्र गिधाडांचा अभाव प्रतिदिनी जाणवला. मुंबईच्या मलबार टेकडीवरील डुंगरवाडीत पारशी समाज शतकानुशतके आपले मृत पक्ष्यांच्या स्वाधीन करीत आला. अग्नी, जल आणि भूमी यांना विटाळ होऊ न देता देहाचे अंतिम दान करावे, ही त्या विधीमागील धारणा. गिधाडे नाहीशी झाल्यावर तेथे सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. एका औषधाच्या कुपीने एका प्राचीन धर्माचा अंत्यविधी अडवावा, हा विज्ञानयुगाचा अजब महिमा म्हटला पाहिजे.

थेंबाथेंबाने आलेला कायदा

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गुरांसाठी डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर २००६ साली बंदी आली. नेपाळ आणि पाकिस्तान यांनीही त्याच वर्षी तो निर्णय घेतला, बांगलादेशाने २०१० मध्ये. हरयाणातील पिंजोर येथे २००१ साली सुरू झालेल्या केंद्राचे रूपांतर पुढे प्रजनन केंद्रात झाले. पश्चिम बंगालमधील राजाभातखावा, आसामातील राणी आणि भोपाळ येथेही केंद्रे उभी राहिली. रानात ज्यांची जोडपी मोजकी उरली आहेत, अशा पक्ष्यांची पिल्ले तेथे जन्मली आणि वाढली. जातीचे बी राखले गेले, ही थोडी गोष्ट नव्हे.

पण बंदीचा इतिहास वाचला की मन खिन्न होते. गुरांसाठीच्या औषधावर बंदी येताच माणसांसाठी असलेल्या डायक्लोफेनॅकच्या ३० मिलिलिटरच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या. माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर पुरतात. मग मोठी कुपी कोणासाठी निघत होती, हे सांगण्यास ज्योतिषी नको. बंदीनंतर केलेल्या पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक दुकानांत हे औषध गुरांसाठी मिळत होते. ही पळवाट बुजविण्यास २०१५ साल उजाडले. त्या निर्णयालाही औषधकंपन्यांनी न्यायालयात आव्हान दिले. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते फेटाळले, तेव्हा कोठे प्रश्न मिटला.

तोवर बाजारात दुसरी औषधे आली होती. किटोप्रोफेन गिधाडांना मारक आहे, हे प्रयोगांनी २०१०च्या सुमारासच दाखवून दिले होते. असेक्लोफेनॅकची कथा तर हास्यास्पद म्हणावी अशी. हे औषध गुराच्या शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर चक्क डायक्लोफेनॅकमध्येच होते. म्हणजे चोराला दाराशी अडवावे आणि त्याने अंगरखा बदलताच त्याला आत घ्यावे, असा हा प्रकार. या दोन्ही औषधांवर गुरांपुरती बंदी आली ती २०२३ साली, आणि निमेसुलाइडवर २०२४च्या अखेरीस. डायक्लोफेनॅकचा दोष उघड झाल्यापासून वीस वर्षांत चार औषधांवर बंदी आली. दर पाच वर्षांनी एक अशी ही सरासरी आहे. गिधाडांची पिढी एवढ्याच अवधीत वयात येते आणि एवढ्याच अवधीत मरते.

दोष एखाद्या अधिकाऱ्याचा नाही. तो तत्त्वाचा आहे. अपराध सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, हे तत्त्व माणसाच्या न्यायासाठी उदात्त आहे. विषाला मात्र ते लागू करता येत नाही. आज प्रत्येक वेदनाशामक निर्दोष मानून बाजारात सोडले जाते, पक्षी मेले की शास्त्रज्ञ पुरावे गोळा करतात, पुराव्यांवर समित्या बसतात आणि समित्यांच्या बैठका होईपर्यंत पक्षी मरत राहतात. हा क्रम उलटविल्याखेरीज तरणोपाय नाही. गुरांसाठीचे कोणतेही वेदनाशामक गिधाडांना निरुपद्रवी आहे, हे उत्पादकाने आधी सिद्ध करावे आणि मगच त्याला परवाना मिळावा, असा नियम झाला पाहिजे. सुधारलेली म्हणविणारी राष्ट्रेही याबाबतीत शहाणी ठरलेली नाहीत. भारतातील हा सारा अनुभव डोळ्यांपुढे असताना स्पेनने २०१३ साली गुरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली. त्या देशात काळ्या गिधाडाचे एक पिल्लू या औषधाने दगावल्याची नोंद २०२१ साली प्रसिद्ध झाली. दुसऱ्याच्या ठेचेने शहाणे होणे कोणालाच जमत नाही, असे दिसते.

शेतकऱ्याची बाजू

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ऐन पेरणीत बैल लंगडू लागला, तर शेतकऱ्याने गिधाडांची चिंता करीत बसावे काय? मुक्या जनावराच्या वेदना हाही दयेचाच विषय आहे. जो कोरडवाहू शेतकरी स्वतःच्या दुखण्यावर पैसा खर्च करीत नाही, तो बैलासाठी इंजेक्शन आणतो, यात त्याचे प्रेमही आहे आणि प्रपंचही. त्याला गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटणार नाही.

सुदैवाने शेतकऱ्याचे हित आणि पक्ष्यांचे हित येथे परस्परविरोधी नाही. मेलॉक्झिकॅम हे वेदनाशामक गुरांवर गुणकारी आणि गिधाडांना निरुपद्रवी आहे, हे २००६ सालीच सिद्ध झाले. त्यावर कोणा एका कंपनीची मक्तेदारी नाही. अनेक भारतीय कंपन्या ते तयार करतात. टोल्फेनॅमिक आम्ल हे दुसरे औषधही परीक्षेस उतरले आहे. म्हणजे शेतकऱ्याला काहीही सोडावे लागत नाही, केवळ कुपी बदलावी लागते. ती बदलण्याचे काम मात्र त्याचे नाही. ते जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचे आहे, दूधसंघांच्या डॉक्टरांचे आहे, आणि तालुक्याच्या गावी औषधविक्रेत्यांच्या दुकानांत काय विकले जाते हे पाहणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाचे आहे. महाराष्ट्रातील सहकारी दूधसंघांचे जाळे खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले आहे. त्यांनी एकमुखाने निरुपद्रवी औषधेच वापरण्याचा ठराव केला, तर दिल्लीच्या दहा परिपत्रकांनी होणार नाही एवढे काम एका हंगामात होईल.

मेलेली गुरे कोणी ओढायची?

गिधाडांना विष मिळू नये, तसेच त्यांना अन्नही मिळाले पाहिजे. येथे हा प्रश्न निसर्गशास्त्राच्या सीमा ओलांडून समाजव्यवस्थेत शिरतो. गिधाडांविषयी लिहिणारे बहुतेक जण या ठिकाणी डोळे मिटून घेतात. गावाबाहेरच्या माळावर मेलेले गुरू जाऊन पडे, ते आपोआप पडत नव्हते. ते ओढून नेण्याचे, सोलण्याचे काम गावगाड्याने ठराविक जातींच्या गळ्यात बांधले होते. गिधाडांची पंगत त्या अन्यायावर मांडलेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, आणि पुढे महाराष्ट्रातील त्यांच्या अनुयायांनी मेलेली गुरे ओढण्याचे कामही झुगारून दिले. ते योग्यच होते. गिधाडांच्या सोयीसाठी माणसांनी ते जू पुन्हा मानेवर घ्यावे, असे कोणी सुचवील तर ते पाप होईल. २०१६ साली गुजरातेतील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना झालेली अमानुष मारहाण देशाने पाहिली. जे काम समाज ज्यांच्यावर लादतो, त्याच कामासाठी त्यांना फोडून काढतो, असा हा दुहेरी जाच होता. त्यानंतर तेथील अनेकांनी मेलेली गुरे उचलण्याचे नाकारले.

म्हणून जुनी व्यवस्था परत आणणे हा उपाय नाही. नवी उभारली पाहिजे. यंत्राने उचलणारी गाडी, हातमोजे आणि रोगप्रतिबंधक लस, नियमित वेतन, आणि ते काम जातीवरून नव्हे तर नेमणुकीवरून करणारा कर्मचारी, एवढे कोणत्याही पंचायत समितीला अशक्य नाही. आज मेलेले गुरू उकिरड्यावर, ओढ्यात अथवा हमरस्त्याच्या कडेला टाकले जाते. तेथे कुत्री येतात, गिधाडे येत नाहीत. तेच गुरू, त्याला निषिद्ध औषध दिलेले नाही याची खात्री करून, ठरलेल्या सुरक्षित जागी नेले तर गिधाडांचे पोट भरेल आणि गावाचे आरोग्यही राखले जाईल.

असे प्रयत्न झालेले नाहीत असे नाही. नेपाळमध्ये नवलपरासी जिल्ह्यातील पिठौली येथे २००६ साली गावकऱ्यांनी ‘जटायू’ नावाचे गिधाडांचे उपाहारगृह काढले. कामातून गेलेली म्हातारी गुरे तेथे सांभाळली जातात. त्यांना मारक औषध दिले जात नाही आणि नैसर्गिक मृत्यूनंतर ती गिधाडांना दिली जातात. महाराष्ट्रातही नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ खोरीपाडा येथे, रायगडातील फणसाड अभयारण्यात आणि गडचिरोलीत वनखाते व गावकरी यांनी अशी उपाहारगृहे चालविली. म्हसळा तालुक्यात चिरगावच्या रानात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी स्थानिकांनी राखली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि परिसरातील जुनी, मोठी झाडे उन्मळून पडली. गिधाडाला घरट्यासाठी अशीच झाडे लागतात आणि ती एका पिढीत तयार होत नाहीत.

२०१५ साली महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीचा विस्तारित कायदा लागू झाला. त्याच्या गुणदोषांचा विचार हा स्वतंत्र विषय आहे. परंतु राज्यात गोशाळा आहेत आणि त्यांत म्हातारी गुरे मरतात, ही वस्तुस्थिती आहे. गाईची सेवा हे व्रत मानणाऱ्या संस्थांनी औषधांची नोंदवही काटेकोर ठेवली आणि पिठौलीचा कित्ता गिरविला, तर गाय आणि जटायू या दोघांचीही सेवा त्यांच्या हातून घडेल.

परतून आलेल्यांचे स्वागत

जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरच्या केंद्रात वाढलेली वीस गिधाडे महाराष्ट्रात आणली गेली. दहा ताडोबात आणि दहा पेंचमध्ये. महिनोन्महिने मोठ्या पिंजऱ्यांत ठेवून, पाठीवर माग काढणारी छोटी यंत्रे बांधून त्यांना पुढे मोकळे सोडण्यात आले. वाघांसाठी कीर्ती मिळविलेल्या या अरण्यांनी गिधाडांनाही आसरा द्यावा, ही समाधानाची गोष्ट आहे. पण गिधाडाला वाघाची सीमा ठाऊक नसते. ते एका दिवसात शेकडो किलोमीटर फिरते. अभयारण्याच्या कुंपणाआत त्याला कितीही जपले, तरी दुसऱ्या दिवशी ते एखाद्या तालुक्याच्या माळावर उतरते, आणि तेथील कलेवरात काय आहे यावर त्याचे आयुष्य ठरते. म्हणूनच शास्त्रज्ञ गिधाडांच्या वसाहतीभोवती १०० किलोमीटर त्रिज्येचे निर्विष क्षेत्र असावे, असे सांगतात. अशा एका वर्तुळात सुमारे ३० हजार चौरस किलोमीटर प्रदेश येतो. यात वनखात्याची हद्द थोडी आणि शेतकऱ्यांची, पशुवैद्यांची, औषधदुकानांची हद्द मोठी. याचाच अर्थ असा की गिधाडांचे भवितव्य वनरक्षकापेक्षा पशुवैद्याच्या पिशवीत अधिक आहे.

तेव्हा महाराष्ट्र शासनाला करण्याजोग्या गोष्टी चार आहेत आणि चारही आवाक्यातील आहेत. निषिद्ध औषधे अजून कोठे विकली जातात याची अन्न व औषध प्रशासनाने दरवर्षी पाहणी करून ती जाहीर करावी. सरकारी आणि सहकारी दवाखान्यांनी सिद्ध झालेलीच वेदनाशामके खरीदावीत. मेलेल्या गुरांच्या कलेवरांतील औषधांची तपासणी पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी नियमितपणे करावी. कारण कागदावरची बंदी रानात उतरली आहे की नाही, हे कलेवरच सांगू शकते. आणि गिधाडांच्या वसाहती असलेल्या तालुक्यांत मेलेल्या गुरांच्या विल्हेवाटीची सन्मान्य, सवेतन व्यवस्था उभी करावी. यासाठी नवे धरण बांधावे लागत नाही, गाव उठवावे लागत नाही, कोणाची जमीन घ्यावी लागत नाही. पर्यावरणाच्या रक्षणासाठी एवढा थोडा त्याग मागणारे कार्य क्वचितच दुसरे सापडेल.

पंचवीस वर्षे वयाच्या मराठी तरुणाने आकाशात गिधाडांची घिरटी बहुधा पाहिलेली नाही. त्याच्या आजोबांना ती मोजून दाखविण्याचे कारणच पडले नाही, इतकी ती नेहमीची होती. पिंजोरच्या पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लाला आणि या तरुणाला एकमेकांची ओळख करून देणे अजून शक्य आहे. रामायणातील जटायूला वाचविणे कोणाच्या हाती नव्हते. रावण बलाढ्य होता आणि राम दूर होता. आजच्या जटायूचा वैरी काही मिलिलिटरच्या कुपीत बसलेला आहे आणि त्याचा पत्ता सर्वांना ठाऊक आहे. तरीही तो निसटला, तर टाकेदच्या तीर्थात हात जोडण्याचा अधिकार आपण गमावलेला असेल.